अब्बांनी सांगितलंय

सायरा पडली त्या वेळी अय्यूब उणे अठरा डिग्रीच्या खोलीत होता. मस्कतमधल्या एका मासळीच्या कंपनीत तो कोल्ड रूम सांभाळायचा. मशीन बिघडलं की दुरुस्त करायचं, आणि बिघडलं नसेल तर बिघडू द्यायचं नाही, हे त्याचं काम. आत फोन चालत नाही आणि मोजे काढले तर बोटं बधिर होतात, म्हणून फोन बाहेरच्या कपाटात असायचा. त्या बुधवारी तो दीड तासाने बाहेर आला, मोजे काढले, चहा घेतला आणि मग फोन बघितला. एकवीस मिस्ड कॉल होते. सगळे पनवेलचे.

त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो अरीब. आठ वर्षांचा पोरगा, जिन्यावरून पडला असेल. सायराला काही झालं असेल असं त्याला वाटलंच नाही. घरात काही झालं की फोन सायरा करायची. सायरालाच काही झालं तर कोण करील, हा विचार मस्कतच्या सोळा वर्षांत कधी करावा लागला नव्हता.

फोन तिच्या थोरल्या भावाने उचलला.

"अय्यूब," तो म्हणाला आणि थांबला. "सायरा गेली रे. भाकरी थापता थापता पडली. डॉक्टर म्हणतात, डोक्यातली नस फुटली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं."

अय्यूबने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मय्यत थांबवू का? तू कधी पोचशील?"

अय्यूबने हिशेब केला. विमान रात्रीचं. घरी पोचायला सकाळ उजाडणार. मय्यत इतका वेळ ठेवत नाहीत, आणि ठेवावी असं त्यालाही वाटलं नाही. "थांबू नका," तो म्हणाला. मग हातात उरलेला चहा त्याने पिऊन टाकला. तो चहा आपण का प्यालो, हे त्याला पुढे बरेच दिवस कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी कब्रस्तानात गेला, मग घरी. दार माहनूरने उघडलं. थोरली पोर, सोळा वर्षांची, अकरावीला. डोळे सुजलेले.

"अब्बा, बूट बाहेर काढा," ती म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय." आणि मग ती रडायला लागली.

कंपनीने दोन महिन्यांची सुट्टी दिली होती. चाळिसावा होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. सायराच्या भावजया यायच्या, मोहल्ल्यातल्या बायका डबे आणायच्या. चाळिसावा झाला, लोक आपापल्या घरी गेले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अय्यूब, माहनूर आणि अरीब असे तिघे उरले.

पहिल्याच दिवशी अय्यूब म्हणाला, "आज डाळभात मी करतो." मस्कतला खोलीतली आठ माणसं पाळीपाळीने रांधायची, त्यामुळे त्याचा हात चांगला होता. डाळ शिजली, फोडणी बसली, वास सुटला. माहनूर पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "अब्बा, कोण येणारे जेवायला?"

आठ जणांची डाळ झाली होती. त्याच्या हाताला दुसरं मापच ठाऊक नव्हतं. अरीबला इतकं हसू आलं की त्याला उचकी लागली. तीच डाळ त्यांनी दोन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी रंभा दारात आली तेव्हा उरलेली तिला दिली.

रंभा उरणकडची कोळीण. अठरा वर्षं मोहल्ल्यात मासळी घेऊन यायची आणि सायराच्या दारात पाटी उतरवून घटकाभर बसायची. डाळ चाखून ती म्हणाली, "भाऊ, चव बरी हाय. पन ही डाल लग्नाची वाटतेय."

"माप चुकलं, रंभाताई."

"शिकाल. वयनी नवीन आली तवा तिला बोंबील साफ करता येत नव्हतं. मीच शिकवलं." तिने डोळे पुसले आणि पाटी उचलली. "परत कवा जाताय?"

"अडीच आठवड्यांनी."

"आनि पोरं?"

"बघू," अय्यूब म्हणाला.

हा त्याचा जुना शब्द. दर शुक्रवारी नमाज झाली की तो मस्कतहून फोन करायचा. आधी सायरा, मग माहनूर, मग अरीब. पोरांना तो तीनच प्रश्न विचारायचा. अभ्यास करतोस का? नमाज पढतोस का? अम्मीचं ऐकतोस का? पोरं तीन वेळा हो म्हणायची आणि फोन पुन्हा सायराकडे जायचा. सायरा काही विचारायची. कधी शाळेचं, कधी कुणाच्या लग्नाचं, कधी माहनूरच्या पुढच्या शिक्षणाचं. तो म्हणायचा, "बघू." मागे कोणीतरी जेवणासाठी खोळंबलेलं असायचं, नाहीतर भात लागत असायचा, नाहीतर खरोखरच काय सांगावं ते सुचायचं नाही. दोन वर्षांतून चाळीस दिवस जे घर बघायचं, त्याबद्दल माणूस काय सांगणार?

एका दुपारी अरीब शाळेतून आला आणि त्याने चाचणीचा कागद अय्यूबपुढे धरला. गणितात वीसपैकी सहा. अय्यूबच्या कपाळाला आठी पडली. पोरगं मात्र घाबरलं नाही. हात धुऊन आलं आणि ताटावर बसलं.

"सहा?" अय्यूब म्हणाला.

"हो. जेवण झालं की चुका बघायच्या. उपाशी पोटी बघायच्या नाहीत."

"हे कोणी सांगितलं?"

अरीबने मान वर केली. "तुम्हीच ना."

अय्यूबला वाटलं, पोरगं काहीतरी घोळ करतंय. आई गेलेलं लेकरू, त्याच्या डोक्यात काय चाललं असेल कोण जाणे. त्याने पोराच्या ताटात भात वाढला. जेवण झालं, चुका बघितल्या. सहाचे अकरा झाले असते, एवढ्या चुका नुसत्या घाईच्या होत्या.

मग टॉर्चचं झालं. अरीबच्या उशाशी एक निळी टॉर्च असायची. तिचे सेल संपले होते आणि झाकण अडकलं होतं. "अब्बा, उघडून द्या ना. तुम्ही पाठवलेली आहे, तुम्हाला येईल."

"मी पाठवलेली?"

"मस्कतहून. मला अंधारात मोरीकडे जायची भीती वाटते हे तुम्हाला कळलं ना, म्हणून." पोराने हे अगदी सहज सांगितलं. पोराची ही भीती अय्यूबला ठाऊक नव्हती. टॉर्चही ठाऊक नव्हती.

त्याने झाकण उघडलं. आतल्या बाजूला दुकानाचा छोटा कागद चिकटलेला होता. नाव पुसलं होतं, पण 'उरण नाका, पनवेल' एवढं वाचता येत होतं. अरीब नवे सेल आणायला पळाला होता. अय्यूबने तो कागद नखाने खरवडून काढला आणि खिशात टाकला.

दुपारी अरीब ट्यूशनला गेला. माहनूर ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. वही शेजारीच उघडी होती. एक कोळंबी सोलायची, एक ओळ वाचायची, असं चाललं होतं. अय्यूब पाट घेऊन बसला आणि त्यानेही सोलायला घेतलं.

"माहनूर, ती टॉर्च कोणी आणली?"

"तुम्ही."

"माहनूर."

तिने कोळंबी खाली ठेवली. "अम्मीने. मी बरोबर होते. दुकानात लाल पण होती. अम्मी म्हणाली, निळी घेऊ, निळी मस्कतची वाटते."

अय्यूबला हसू आलं. सायरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"आणखी काय काय आणलंय मी?"

"कंपास पेटी. माझा ईदचा दुपट्टा. अरीबचे बूट. ते एक नंबर लहान निघाले तर अम्मी म्हणाली, तुझा पाय रोज वाढतो, अब्बांना तिकडे कसं कळणार?"

"मी बॅगेत तर ब्लँकेटं आणि बदाम आणायचो."

"हो ना. तुम्ही आलात की पहिल्या रात्री बॅग अम्मीच लावायची. हळूच आपल्या वस्तू आत सरकवायची. सकाळी तुमचं नाव घेऊन वाटायची. तुम्ही तेव्हा झोपेत असायचात, नाहीतर मामूंशी बोलत असायचात."

कोळंबीची सालं वाटीत पडत राहिली.

"आणि मी बोललोय काय काय?" अय्यूबने विचारलं.

माहनूर विचार करायला लागली, आणि मग तिच्याही चेहऱ्यावर हसू आलं. "खूपच बोललात. अरीबला कोणी हात लावायचा नाही. मामूने एकदा कान पिळला तेव्हा अम्मी म्हणाली, त्याच्या अब्बांना चालत नाही, मी काय करू? उपाशी झोपायचं नाही. खोटं बोललात तरी चालेल, पण संध्याकाळपर्यंत येऊन सांगायचं. आणि माझं सायन्स."

"ते पण मी?"

"दहावीनंतर सगळे नको म्हणत होते. फुफी, चाचा, सगळे. पोरीला सायन्स कशाला, नव्या पनवेलपर्यंत रोज कशाला जायचं. अम्मी चार दिवस समजावत होती, कोणी ऐकेना. मग शुक्रवारी तुमचा फोन आला. फोन ठेवला आणि अम्मी सगळ्यांसमोर म्हणाली, त्यांनी सांगितलंय, सायन्सच घ्यायचं. संपलं. चाचा म्हणाले, अय्यूब म्हणतोय तर ठीक."

तो शुक्रवार अय्यूबला आठवला. सायराने विचारलं होतं, माहनूरचं काय करायचं? आणि तो म्हणाला होता, बघू.

चार दिवस सायरा समोर उभी राहून बोलत होती तर कोणी ऐकलं नाही, आणि दीड हजार किलोमीटरवरून आपण न बोललेला शब्द सगळ्यांनी मान खाली घालून ऐकला. हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. आल्यावर त्याला लाज वाटली.

"तुला माहीत होतं, मी असं काही म्हणत नाही?"

"मी शेजारीच असायचे ना. तुमचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं. एवढं सगळं त्यात मावणार कसं?"

"राग यायचा?"

"तुमचा? थोडा." तिने वही मिटली. "पण अम्मी सांगायची ते अब्बा मला आवडायचे."

अय्यूब उठला, नळ सोडला आणि कोळंबी धुवायला घेतली. तीन पाण्यांनी धुवायची, त्याने पाच पाण्यांनी धुतली.

मागून माहनूर म्हणाली, "आणि एक राहिलंय. तुम्ही अरीबला कर्नाळ्याला नेणार आहात. पक्षी बघायला, भल्या पहाटे, डबा घेऊन. चार वर्षं झाली. तुम्ही आलात की कधी लग्नं, कधी पाऊस, कधी तुमची कंबर. अम्मी म्हणायची, या वेळी त्यांना सांगतेच. पण तुम्ही घरी आलात की ती तुम्हाला कामं सांगायचीच नाही."

त्या शुक्रवारी आपा आली. आपा म्हणजे अय्यूबची थोरली बहीण, पोरांची फुफी, उरणला असते. नवरा तीस वर्षं जहाजावर होता, तिने एकटीने चार पोरं वाढवली आणि चारी मार्गाला लावली. मोहल्ल्यात तिच्या शब्दाला वजन आहे. येताना तिने सांदणं आणली होती. अरीबला जवळ बसवून भरवली, माहनूरचे केस विंचरले, आणि मग पोरांना आतल्या खोलीत पाठवलं. ती खोली म्हणजे मध्ये एक पडदा.

"तिकीट कधीचं?" आपाने विचारलं.

"पुढच्या गुरुवारचं."

"मग ऐक. मी सगळा विचार केलाय. माहनूर आता मोठी आहे. मी तिच्या वयाची होते तेव्हा माझं लग्न झालेलं. घर ती सांभाळेल. कॉलेज काय, बाहेरून फॉर्म भरायचा, परीक्षेपुरतं जायचं. आर्ट्स घेतलं म्हणजे झालं. अरीबला मी उरणला नेते. पोरगं एकटं नको, माझ्या नातवंडांत राहील. तू निश्चिंत जा."

पडद्याच्या पलीकडे काहीच आवाज नव्हता. इतकं शांत घर अय्यूबने त्या महिन्यात ऐकलं नव्हतं.

"सायन्स सोडायचं?" तो म्हणाला.

"सायन्सचं प्रॅक्टिकल घरी बसून होतं का रे? तूच हट्ट धरला होतास तेव्हा. आता तूच सांग, म्हणजे पोरगी ऐकेल. ती माझं नाही ऐकणार. तुझा शब्द पाहिजे."

अय्यूबने खिशात हात घातला. टॉर्चमधला तो कागद अजून तिथेच होता.

"आपा, एक विचारू? भाईजान जहाजावरून फोन करायचे, तेव्हा खरंच एवढं सगळं बोलायचे? इम्तियाजला इंजिनियर कर, धाकटीचं लग्न लांबव, पोरांना समुद्रावर पाठवू नको. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो. भाईजाननी सांगितलंय."

आपाने त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. आणि मग एकदम तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

"कुठले बोलतात!" ती म्हणाली. "'चालू दे' म्हणायचे. तीस वर्षं. चालू दे."

"मग ते सगळं?"

"मग काय करायचं होतं? आपल्या अब्बांपुढे, माझ्या सासऱ्यापुढे मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? आमच्या गल्लीत सगळ्या तशाच. नवऱ्याच्या नावावर राज्य करायचं." ती हसता हसता थांबली. "सायरा पण?"

"सायरा पण."

आपाने पदराने तोंड पुसलं. "हुशार होती. मला कधी कळू दिलं नाही."

"आपा, सायन्स मी सांगितलं नव्हतं. मी बघू म्हणालो होतो. पण पोरांना वाटतं मी सांगितलं. आता मीच बंद करायला सांगितलं तर सायराने इतकी वर्षं जो माणूस त्यांना दाखवला, तो खोटा ठरेल. माझा शब्द तू मागतेस ना? ऐक मग. माहनूरने सायन्सच करायचं. अरीब इथेच राहील."

"आणि तू?"

"मी जात नाही."

आपा चिडली. का नाही चिडणार? "खुळा झालास का? लागलेलं काम सोडतोस? इथे काय करणार? घरी बसून भाकऱ्या थापणार? लोक काय म्हणतील?"

"लोक मला ओळखतच नाहीत, आपा. सोळा वर्षांत मी मोहल्ल्यात राहिलोय किती? आणि भाकरी मला अजून येत नाही. माझी मध्येच फाटते."

"थट्टा सोड. पोटाचं काय?"

"रंभाताईचा मुलगा प्रितेश न्हावा शेव्याला बंदराच्या यार्डात आहे. तिथे थंड कंटेनर असतात, आत मासळी, फळं. त्यांच्या मशीनला माणूस हवाय. काम तेच आहे, डबा फक्त लहान. काल जाऊन आलो. सोमवारपासून या म्हणाले. पाळ्या असतात, पण माणूस रोज घरी येतो."

आपाने सांदणांच्या डब्याचं झाकण लावलं. मग तिने तो डबा त्याच्याकडे सरकवला. "माझ्या इम्तियाजला विचार एकदा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझे भाईजान रिटायर होऊन घरी आले, तर पोरगं त्यांना सलाम करायचं आणि उठून जायचं. काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नाही. आज बारा वर्षं झाली." तिने उसासा सोडला. "आठवड्यातून दोन दिवस मी येईन. तुझ्या त्या डाळीबद्दल ऐकलंय मी रंभाकडून."

पडद्याआडून अरीबचा आवाज आला. "फुफी, ती डाळ वाईट नव्हती. फक्त संपत नव्हती." त्याच्यामागून माहनूर त्याला गप्प करत होती, पण तिचाही आवाज हसल्यासारखाच होता.

मस्कतचं विमान गुरुवारी गेलं.

आता चार महिने झाले. डाळीचं माप जमलंय, मात्र कधी कधी चौघांची होते आणि तिघंही त्याबद्दल बोलत नाहीत. माहनूरचे बुडलेले तास भरून निघाले. रंभाताई कोळंबीचा भाव लावताना अय्यूबला अजून फसवते आणि दुसऱ्या दिवशी हसून सांगते. पाळी सकाळची असली की दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो यार्डातून घरी फोन करतो. सवय जात नाही. मागच्या शुक्रवारी त्याने विचारलं, अभ्यास केलास का? अरीब म्हणाला, "अब्बा, हे तुम्ही सकाळीच विचारलंत. दुसरं काहीतरी विचारा." अय्यूबने थोडा विचार केला आणि विचारलं, शाळेत आज शेजारी कोण बसलं होतं? पोरगं अकरा मिनिटं बोललं. मागे कंटेनरच्या मशीनचा अलार्म वाजायला लागला तेव्हा अय्यूबने फोन ठेवला.

टॉर्च कुठली, हे त्याने अरीबला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तो कागद त्याने सायराच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवला आहे.

तीन रविवार ठरले होते. एकदा पाळी बदलली, एकदा अरीबला ताप आला, एकदा अय्यूबची कंबर धरली. डबा, पाण्याची बाटली आणि निळी टॉर्च दाराजवळ पिशवीत भरून ठेवलेली आहे.

कर्नाळ्याला जायचं अजून राहिलं आहे.